भाऊजींना हवा तसा उजेड

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, स्वतःला नाणेतज्ज्ञ म्हणवतात. दुसरं कोणी म्हणत नाही, म्हणून त्यांनाच म्हणावं लागतं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ताईचं भांड्यांचं कपाट रिकामं केलं, त्यात नाणी मांडली आणि घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, अगदी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा, राजवंशांवर व्याख्यान द्यायला सुरुवात केली. ताईला मात्र त्या कपाटावरची धूळ पुसायचीही मनाई. “बायकांच्या हाताला कायम काहीतरी लागलेलं असतं,” हे भाऊजींचं संशोधन.

मी फोटोग्राफर आहे. लग्नाबिग्नाची नाही, दागिने, घड्याळं, चष्म्याच्या फ्रेमा, असल्या चकचकीत आणि हट्टी वस्तूंची. एरवी भाऊजींच्या लेखी मी ‘बटण दाबणारी’. पण त्यांच्या नाणेप्रेमी मंडळाचं प्रदर्शन ठरलं, प्रत्येकाने आपल्या सर्वोत्तम नाण्याचा मोठा फोटो लावायचा असं निघालं, आणि त्यांना एकदम मेव्हणी आठवली.

आले ते सकाळीच. मागे ताई, तिच्या हातात पिशवी, पिशवीत मखमली डबी. डबीत चांदीचं जुनं नाणं: एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार.

“कोरं करकरीत!” भाऊजी म्हणाले. “कालच टाकसाळीतून निघाल्यासारखं. जरा नीट काढ, बटण दाबून मोकळी होऊ नकोस.”

मी नाणं कडेने धरून उचललं. स्टीलच्या चमच्यासारखं लखलखत होतं. इतकी जुनी चांदी अशी लखलखत नाही. पण ज्यांना सगळं कळतं त्यांना आपण काय सांगायचं? मी नाणं टेबलावर ठेवलं आणि लॅम्प एका बाजूने अगदी खाली आणला. असा तिरपा उजेड पडला की जरासा उंचवटासुद्धा सावली टाकतो. मुकुटातला मोती न् मोती उठून दिसतो, घोड्याची आयाळ मोजता येते. आणि नाण्यावर आणखी जे काही असेल, तेही लपत नाही.

ते स्क्रीनवर आलं. राजाच्या गालापासून कडेपर्यंत बारीक गोल गोल ओरखडे. करपलेलं पातेलं कोणीतरी जीव तोडून घासावं तसे.

“हे काय?”

“ओरखडे.”

“कॅमेऱ्यातले?”

“नाण्यावरचे.”

“लॅम्प बदल!”

बदलला. आधी उजेड वर घेतला. ओरखडे पुसट झाले, मोतीही. मग फ्लॅश मारायला लावला. राजा पांढऱ्या डागात बुडाला. मग गोल दिवा. राजाच्या गालावर चकाकत्या बांगडीचा ठसा उमटला. मग मी नाण्यावर तिरपी काच धरून बाजूचा उजेड तिच्यावरून सरळ खाली वळवला. मोकळी जागा आरशासारखी उजळली, अक्षरं काळीभोर झाली, आणि प्रत्येक ओरखडा केसासारखा रेखीव दिसला.

“काढ ती काच!” भाऊजी ओरडले. काचेचा जणू त्यांच्याशी जुना दावा होता.

शेवटी त्यांच्याच हुकमावरून नाण्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू ठोकला आणि चहूबाजूंनी दिवे लावले. सावली म्हणून कुठे उरली नाही. ओरखडे गेले. राजाचं नाकही गेलं, मुकुट गेला, घोडा तर ढेकळासारखा दिसू लागला.

“वा! याला म्हणतात प्रकाशयोजना!”

“भाऊजी, यात राजाचा चेहरा दिसत नाही.”

“चेहरा काय करायचाय? चकाकी बघ!”

ताई इतका वेळ मागे उभी होती. तिने हळूच विचारलं, “अहो, हे कोणी घासलंय का?”

“तू पिशवी सांभाळ,” भाऊजी म्हणाले.

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होतं. भाऊजींनी तो फोटो दाराच्या उंचीएवढा करून आणला होता, टेबलावर आपल्या सगळ्या नाण्यांचा ट्रे मांडला होता आणि स्वतः फोटोच्या शेजारी असे उभे होते, जणू आपल्यालाही कोणीतरी चौकटीत बसवावं. बक्षीस ठरवायला परीक्षक होत्या वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा विभाग सांभाळणाऱ्या एक बाई. त्यांनी फोटोंकडे ढुंकून पाहिलं नाही. पडदे ओढायला सांगितले, ट्यूबलाइट बंद करायला लावल्या आणि एकच टेबल लॅम्प पेटवला.

“हा उजेड अन्यायाचा आहे,” भाऊजी पुढे झाले. “नाण्याला सगळीकडून प्रकाश मिळाला पाहिजे.”

“तुम्ही जरा बाजूला व्हा,” बाई म्हणाल्या. “तुमची सावली पडतेय.”

आधीच्या सभासदाचं नाणं त्यांनी दिव्याखाली हळूहळू कलतं केलं. त्यावरून उजेडाचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गरकन फिरला. न घासलेल्या नाण्यावर तो असा फिरतो. मग भाऊजींचं उचललं. कलतं केलं, फिरवलं, पुन्हा कलतं केलं. काहीच हललं नाही. नुसती मख्ख चकाकी.

“हे कोणी घासलं?” बाईंनी विचारलं.

भाऊजी ताईकडे वळले. “घरच्यांचाच प्रताप असणार. हात लावू नका म्हणून हजारदा सांगितलंय. पण ऐकतंय कोण!”

हॉलभर माणसं ताईकडे बघायला लागली. माझं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात ताईने माझा दंड दाबला.

“हो, मीच घासलं,” ती शांतपणे म्हणाली. “आणि एवढंच नाही हो. सगळीच घासली. मला काय कळतं त्यातलं? ह्यांचा अख्खा ट्रे बघून घ्या.”

“अख्खा नको!” भाऊजी म्हणाले. पण बाईंनी ट्रे ओढला होता. एकेक नाणं दिव्याखाली गेलं. एकही सुटलं नव्हतं. तांब्याची तर सोललेल्या कातडीसारखी गुलाबी पडली होती. “घासलेल्या नाण्याला किंमत नसते,” म्हणत बाईंनी ट्रे बंद केला आणि टेबलावरून काढायला सांगितलं.

इथे भाऊजींचा तोल गेला. आपल्या खजिन्याला बायकोचा हात लागला, हे मंडळाच्या वहीत नोंदलं जाणार, हे त्यांना सहन होईना.

“खोटं बोलतेय ती!” ते गरजले. “तिला किल्लीसुद्धा देत नाही मी! माझ्याशिवाय एकाही नाण्याला कोणाचा हात लागलेला नाही!”



“मग घासली कोणी?” बाईंनी विचारलं.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. भाऊजींनी घसा साफ केला, कोट सारखा केला आणि म्हणाले, “ब्रश मऊ होता.”

एवढा मोठा फोटो काखेत मावेना, तेव्हा तो डोक्यावर धरून ते जिना उतरले. ताई त्यांच्या मागे गेली नाही. माझ्या घरी आली, पाय वर घेऊन खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग थोडं खरंच रडली.

“इतकी वर्षं मी खरंच त्यांना हुशार समजत होते गं,” ती म्हणाली.

मी चहा टाकला. संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. साखर सापडत नव्हती.

“शोधा,” ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

ती पंधरवडाभर राहिली. परत गेली तेव्हा भाऊजींनी मंडळाचा राजीनामा दिला होता आणि सगळीकडे सांगत होते की दिवाच सदोष होता. हल्ली त्यांनी पोस्टाची तिकिटं जमवायला घेतली आहेत. व्याख्यान सुरू झालं की ताई चपला घालते आणि फिरायला निघून जाते.