एक थेंब गेला

चौथ्या दिवशी दिगूमिस्त्रीच्या गाडीची चाकं डांबरात गेली, तेव्हा गल्लीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. गाडी खालीच आणायची होती. डांबर सायीसारखं बाजूला सरायचं, गाडी पुढे गेली की मागे मिटायचं. नवल एवढंच होतं की आत बसलेल्या शालनच्या हातातली बशी अजून काठोकाठ भरलेली होती, आणि तिच्यातल्या चहाला वाफ होती.

शालन निवृत्तीमिस्त्रीची बायको. निवृत्ती आपल्या गॅरेजच्या दारात उभा राहून त्या बशीकडे बघत होता.

मिरजेच्या त्या गल्लीत समोरासमोर दोनच गॅरेजं, एक निवृत्तीचं आणि एक दिगूचं. दोघं एकाच वस्तादाच्या हाताखाली शिकलेले. वस्तादांनी घालून दिलेली रीत अशी, की कुणी गाडी खाली आणली, म्हणजे तिची उंची कमी केली, तर चहाने काठोकाठ भरलेली बशी एका माणसाच्या हातात द्यायची, त्याला गाडीत बसवायचं आणि गल्लीतले तिन्ही स्पीडब्रेकर ओलांडायचे. थेंब सांडला नाही, तर तो चहा समोरच्या गॅरेजच्या मिस्त्रीने प्यायचा. तो प्याला की काम पास. वस्ताद म्हणायचे, आपल्या कामाचं कौतुक आपणच प्यायचं नसतं. आणि काम पास होईपर्यंत बशी धरणाऱ्याने आणि गाडी चालवणाऱ्याने गाडीतून उतरायचं नाही.

गाडी खाली आणणं तसं सोपं असतं. स्प्रिंगचे दोन वेढे कापले की ती बसते. पण उरलेली स्प्रिंग आखूड होते, ताठ होते, शॉकअपला खाली-वर व्हायला जागा राहत नाही, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा सरळ माणसाच्या मणक्यात जातो. सात वर्षांपूर्वी निवृत्तीने स्वतःची गाडी अशीच कापली होती. त्या गाडीतून जतला माहेरी जाऊन आल्यापासून शालनची पाठ धरलेली. तेव्हापासून ती त्या सीटवर गोधडीची चौघडी घालून बसायची आणि वाटेत बोलायची नाही.

दिगूने काही कापलं नव्हतं. त्याने नवीनच स्प्रिंग वळवून घेतली होती, खालचे वेढे जवळजवळ, वरचे लांब लांब. शॉकअप तिच्या मापाचा केला होता. खालचा रबराचा ठोकळा अर्धा तासून चार बोटं जागा मोकळी ठेवली होती.

"खाली बसलेल्यालाबी वाकायला जागा लागती की, निवृत्तीदा," तो म्हणाला होता. मग शालनकडे वळून, "वहिनी, बशी तुम्हीच धरा. तुमची पाठ खोटं बोलायची नाही."

पहिल्या दिवशी तिन्ही स्पीडब्रेकर ओलांडून गाडी परत आली, तेव्हा शालनचे डोळे मिटलेले होते. चहाच्या टपरीवरची बयाक्का, जिची ती बशी, तिने वाकून पाहिलं.

"सांडला न्हाई गं बाई!"

निवृत्तीनेही पाहिलं. बशीच्या कडेवर चहा थरथरतसुद्धा नव्हता. त्याने शालनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सात वर्षांत त्याने तो चेहरा इतका मोकळा पाहिला नव्हता.

"एक थेंब गेला," तो म्हणाला.

"कुठं गेला?" दिगूने विचारलं.

"गेला."

समोरच्या मिस्त्रीचा शब्द शेवटचा, हीही वस्तादांचीच रीत. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फेरी झाली. गाडी वीतभर खाली गेलेली होती.

"मी पाना लावला नाही," दिगू म्हणाला. "पास न झालेली गाडी बसत जाती."

"थेंब गेला," निवृत्ती म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दार रस्त्याला घासायला लागलं. चौथ्या दिवशी चाकं गेली. निवृत्ती काचेतून भाकरी-भाजी आत द्यायचा, शालन एका हाताने जेवायची. दुसऱ्या हातात बशी.

"पाठ कशी आहे?" त्याने विचारलं.

"कुठली पाठ?" ती म्हणाली, आणि हसली. "अहो, विसरलेच बघा मी."

तो घरी गेला. आपल्या गाडीत, तिच्या गोधडीवर बसला. बसल्या बसल्या गाडीने त्याला एक हादरा दिला, जागेवरच उभी असताना.

पाचव्या दिवशी खिडकीची कड रस्त्याच्या पातळीला आली. निवृत्ती भाकरी द्यायला पालथा पडला.

"आत काय आहे?"

"रस्ताच की. आतून मऊ असतो."

"दिगू काय बोलतो?"

"काही नाही. गाडी चालवतो."

"काही नाही कसं? दिवसभर गप्प बसता?"

"तुमच्या गाडीत नव्हते का बसत?" शालन म्हणाली आणि भाजी पुसून खाल्ली.

बयाक्का टपरीवरून ओरडली, "मिस्त्री, प्या की एकदाचा! बायको जमिनीत चाललीया."

"थेंब गेलाय, अक्का."

"मग माझी बशी तर द्या! पाच दिस झाले, लोकास्नी पेल्यात चहा देतीया."

गिऱ्हाइकं हसली. निवृत्ती हसला नाही.

सहाव्या दिवशी गाडीचं नुसतं टप वर होतं, ताटाएवढं. त्याच्या शेजारी डांबरातून शालनचा हात कोपरापर्यंत बाहेर आलेला, वर बशी. हातात हिरव्या बांगड्या. निवृत्तीने रात्रभर विचार करून ठरवलं होतं, आज प्यायचा. एक घोट, संपलं. बायको वर येईल, पाठ दुखेल, पण घरी दुखेल. तो वाकला. चहाचा वास नाकाशी आला. एवढ्यात रस्त्याखालून दिगूचा आवाज आला, शब्द कळले नाहीत, आणि पाठोपाठ शालन हसली. खळखळून हसली, लग्नाच्या वर्षी हसायची तशी.

तो सरळ उभा राहिला.

"थेंब गेला."

"निवृत्तीदा," खालून दिगू म्हणाला, "उद्याच्या फेरीला बशी आत जाणार. मग पिणार काय?"

सातव्या दिवशी गल्लीने दुकानं बंद ठेवली. टप दिसत नव्हतं. रस्त्यातून फक्त एक मनगट चाललं होतं, वर पाच बोटं आणि बोटांवर बशी. पहिला स्पीडब्रेकर आला, मनगट चढलं, उतरलं. चहा हलला नाही. दुसरा आला. बांगड्या डांबरात गेल्या. निवृत्ती शेजारून गुडघ्यांवर सरकत चालला होता. तिसऱ्यापाशी नुसती बोटांची टोकं उरली.

"अहो," रस्ता म्हणाला, शालनच्या आवाजात. "हात भरून आलाय. घ्या ना आता."

"प्या, मिस्त्री!" बयाक्का ओरडली.

तिसरा स्पीडब्रेकर ओलांडून बशी थांबली. तिची कड आता डांबराला टेकली होती. चहा काठोकाठ होता, त्यात निवृत्तीचा चेहरा होता, आणि तोही थरथरत नव्हता. बोटांची टोकं खाली गेली. निवृत्ती पालथा पडला. ओठ बशीच्या कडेला लावले. वाफ लागली.

"घेताय ना?" खालून आवाज आला, जरा लांबून.

"घेतो," तो म्हणाला. "एक मिनिट."

आणि उजवा हात लांब करून तो मागच्या रस्त्यावर, तिसऱ्या स्पीडब्रेकरपर्यंत, बोट फिरवत राहिला, कुठे ओल लागते का ते बघत.