चार ग्रह, एका मापाचे

सात रस्ता चौकाजवळच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, आणि माझी सहावीतली संघप्रिया टेबलामागे पांढऱ्याफटक चेहऱ्यानं उभी होती. पिशवीतून काढलेले चारही ग्रह एकाच मापाचे निघाले होते.

आदल्या दिवशी ते तसे नव्हते. आपल्या सूर्याच्या शेजारी बर्नार्डचा म्हणून एक तारा आहे. त्याला चार बारके ग्रह सापडलेत, पृथ्वीहून हलके. ते दिसत नाहीत. त्यांच्या ओढीनं तारा जरासा डुलतो, त्यावरून वजनाचा अंदाज येतो. आकार मात्र कळत नाही. म्हणून तिनं चार कापडी गोळे केले होते, सगळे पाव किलोचे. नटबोल्टांचा लिंबाएवढा, खडीचा, मातीचा, आणि सुताच्या गुंत्याचा तर उशीएवढा. नुसत्या वजनावरून आतलं ओळखता येत नाही, एवढंच तिला दाखवायचं होतं. इथं निवड झाली तर जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायला मिळणार होतं.

"आत्या, हे कुणी केलं?" मी सोबत आलेल्या सासूबाईंना विचारलं. त्या टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला होत्या. टॉवेल बोटभर लहान निघाला तरी बाजूला काढायच्या.

"मीच की. लहानमोठं दिसत व्हतं, लोक हसले असते. नव्या खोळी शिवल्या, समद्यास्नी एकच माप. तुज्या नवऱ्याच्या डब्यातलं नट घातलं, सूत काढलं. ज्याचं त्यालाच घातलंय, मिसळलं न्हाय काय."

"आज्जे, वाटोळं केलंस की गं!" पोरीचे डोळे भरले.

तेवढ्यात परीक्षक मॅडम आल्या. मी समजावून सांगायला पुढं होणार, तर संघप्रियानं मलाच हातानं मागं सारलं.

"मॅडम, हा उचला. आता हा."

दुसरा उचलताना मॅडमचा हात एकदम खाली गेला. "बाई गं! काय भरलंयस?"

"तुम्हीच सांगा."

"लोखंड असणार. आणि पहिल्यात कापूसबिपूस."

"ओळखलंत, कारण माप सारखं आहे आणि वजन वेगळं. खऱ्या ग्रहांचं आपल्याला वजनच कळलंय, तेही कमीत कमी किती ते. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड किंचित कमी होतो, त्यावरून माप निघतं. हे चौघं समोरून जातच नाहीत. काल माझे गोळे एका वजनाचे होते, नुसत्या वजनावरून काहीच ओळखू येत नव्हतं. आजीनं त्यांना एका मापात बसवलं."

"मग ते ग्रह कशाचे आहेत?"

"बहुतेक खडकाचे. पण खात्रीनं माहीत नाही."

माझ्या लहानपणी वर्गात 'माहीत नाही' म्हणताना आमची मान खाली जायची. ही मान वर करून म्हणाली. परवापरवापर्यंत माझ्या पदराआड लपणारी पोर! मला तिला तिथंच उचलून घ्यावंसं वाटलं.

सासूबाई शेजारच्या टेबलावरच्या बाईला सांगत होत्या, "नात हाय माजी. माप माजं हाय."

मॅडम हसल्या. "जिल्ह्याला दोन्ही संच आण. कालचाही."

"कालचा तर मी उसवला," सासूबाई म्हणाल्या.

"मग परत शिव की, आज्जे. चार गोळे, चार मापांचे."

"लहानमोठं? मुद्दाम?" सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी नुसती मान डोलावली. "शिवते बाई. पर मी शिवलं म्हून कुणाला सांगू नगंस."