एकही स्क्रू हलणार नाही

भावाची जिरवायची म्हणून लोक कोर्टात जातात. अक्काने इमारत वाचवली.

कोपऱ्यावरची तीन मजली जुनी इमारत. खाली वडिलांचं औषधांचं दुकान, वर घर आणि वर जायला एकच लोखंडी गोल जिना. अक्काने उभा जन्म त्या दुकानाच्या काउंटरमागे काढला, लग्न केलं नाही, वडिलांचं शेवटचं दुखणं काढलं. वडील गेले आणि वर्षाच्या आत धाकट्याने सगळं बिल्डरच्या घशात घालायचं ठरवलं. "अक्का, तू तुझी सोय बघ," म्हणाला. भाडेकरूला सांगावं तसं! आई शेजारीच बसली होती. तीही म्हणाली, "त्याला पोरंबाळं आहेत. तुझं काय, एकटीचं कुठेही भागेल."

ते 'कुठेही' अक्काच्या जिव्हारी लागलं. जा म्हणता? जाते. पण तुम्हालाही सुखाने हलू देणार नाही! तिने जुन्या इमारती जपणाऱ्या समितीच्या दारात ठाण मांडलं. रंगीत काचा, नक्षीच्या फरश्या, तो जिना, सगळं सांगून सांगून तिथल्या लोकांचे कान किटवले. शेवटी इमारत संरक्षित ठरली. पाडायची तर नाहीच, समितीला विचारल्याशिवाय आत साधा खिळाही ठोकायचा नाही. बिल्डरने काढता पाय घेतला आणि धाकट्याचे मनातले मांडे मनातच राहिले. त्या दिवशी अक्काने भाड्याच्या खोलीत एकटीपुरतं गोडधोड केलं, पोटभर खाल्लं आणि ढाराढूर झोपली.

मग आईचे गुडघे गेले.

धाकट्याने समितीकडे परवानगी मागितली: मागच्या भिंतीला बाहेरून लिफ्ट लावायची आणि तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी फोडून तिथे दार काढायचं. खिडकी नेमकी अक्काच्या जुन्या खोलीची. समितीच्या बाई पाहणीला आल्या तेव्हा त्यांनी अक्कालाही बोलावून घेतलं, कारण मुळात हे प्रकरण तिनेच लावून धरलं होतं.

"तुमची काही हरकत?" बाईंनी दुकानात उभ्या उभ्या विचारलं.

"आहे तर!" अक्का म्हणाली. हा घास ती कधीची चघळत होती. "खिडकी जुनी आहे. जिना आहे ना वर जायला? त्याचा एकही स्क्रू हलणार नाही आणि दुसरी वाटही होणार नाही."

"अक्का, आई कित्येक महिने खाली उतरली नाहीये गं," धाकटा रडकुंडीला आला होता.

"मग उचलून आण की. बिल्डरकडे खेपा घालताना अंगात बरी ताकद होती."

बाई म्हणाल्या, "एकदा वर जाऊन खोली बघून या. मग काय ते शेवटचं सांगा."

अक्का तरातरा जिना चढली. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच. तिच्या खोलीत, तिच्या खिडकीशी, वडिलांच्या खुर्चीत आई बसली होती. केवढीशी झाली होती!

"आलीस? चढता येतं म्हणायचं अजून," आई म्हणाली. जीभ मात्र होती तशीच.

"हरकत घ्यायला आलेय."

"घे. मला कुठे हवीये लिफ्ट? ही खुर्ची ओळखलीस ना?"

न ओळखायला काय झालं? वडील वरच्या घरातच वारले, तेव्हा त्या गोल जिन्यात स्ट्रेचर वळेना. शेवटी त्यांना याच खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं आणि उतरवलं. वरून धाकट्याने धरलं होतं, खालून अक्काने. दर पायरीला वडिलांची मान तिच्या खांद्यावर येत होती.

"मलाही हीच लागणार," आई म्हणाली. "चादर काढून ठेवलीय कपाटात. फक्त खालच्या बाजूला तू ये. धाकटा पाडेल मला. सगळं वजन खालच्यावर येतं, तुला माहीतच आहे."

"मरणाच्या गोष्टी मला सांगू नकोस!" अक्का कडाडली. "मला घराबाहेर काढलंत तेव्हा नाही सुचलं, आपल्याला उतरवायला कोण येईल ते?"

"नाही सुचलं," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

अक्काला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखीच संताप आला. म्हातारीने नेम बरोबर साधला होता. डोळे पुसत, जिन्याला लाखोल्या वाहत ती खाली आली.

"फोडा ती खिडकी," ती बाईंना म्हणाली. "माझी हरकत नाही." धाकट्याचा चेहरा खुलला. अक्का त्याच्याकडे वळली. "पण लिफ्टची चावी माझ्याकडे राहील. आईला रोज संध्याकाळी मी खाली आणीन, फिरवीन आणि मीच वर सोडीन. कबूल असेल तर बोल, नाहीतर माझी हरकत कायम."

"कबूल," धाकटा पुटपुटला. मग सुटलेल्या पोटावरून हात फिरवत म्हणाला, "आणि मी?"

"तुला जिना आहे की," अक्का म्हणाली. "जपून चढ हं. संरक्षित आहे तो."