मारबतीत निघालेला सांगाडा

मित्रांनो, आधी घाबरणं सोडा. मी कुण्या मेलेल्या माणसाचा नाही, प्लास्टिकचा सांगाडा आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत खुंटीला लटकून म्हातारा झालो.

जन्म अंबाल्याच्या कारखान्यात. त्र्याण्णव साली हायवेवरच्या जाम गावापर्यंत ट्रकनं आलो, पुढे एसटीच्या टपावर. स्वस्थ उभं राहणं माझ्या नशिबीच नाही. रस्त्यानं गाडी गेली की खडखडतो, वारा आला की गिरकी घेतो. जबड्याची स्प्रिंग तुटल्यापासून तोंडही मिटत नाही.

तरी सुरुवातीला काय मान होता! सुलोचना मॅडम माझ्या बरगडीला पट्टी टेकवून शिकवायच्या, "स्केलेटल म्हणजे सांगाड्याचा, हाडांचा. स्केलेटल सिस्टिम म्हणजे अस्थिसंस्था. आणि माणूस आजारानं, उपासानं फार वाळला, हाडं दिसू लागली, तर त्यालाही स्केलेटल म्हणतात."

हे शेवटचं त्यांनी सांगायला नको होतं. नववीतला निकेश लगेच मागं वळला. मागं मयुरी बसली होती. नुकतीच टायफॉइडमधून उठलेली, मनगटं काडीसारखी.

"हे पाह्य, आपली स्केलेटल!"

झालं. हापशीवर स्केलेटल, कबड्डीत स्केलेटल. पोर माझ्याकडे पाहीनाशी झाली. प्रयोगशाळेत आली की पाठ करून बसायची. मला लटकल्या जागी चैन पडेना.

त्या पावसाळ्यात छत गळलं. तानबा शिपायानं मला वाळायला व्हरांड्यात टांगलं आणि नेमका पोळ्याच्या दिवशी आत घ्यायला विसरला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत, म्हणजे पीडेची बाहुली, मिरवत काढतात. गावातली रोगराई, पीडा तिच्यासोबत शिवेबाहेर नेऊन जाळायची. एकानं पीडेचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी ओरडायचं. जुनंपानं जे बाहेर दिसेल ते पोरांच्या मते मारबतीचंच.

"खासी, खोकला..."

"घेऊन जा गे मारबत!"

मला खांद्यावर घेऊन पोरं शिवेवर पोचली. पळसाच्या फांद्या पेटल्या होत्या. झळ लागताच माझी दोन बोटं मऊ पडून लोंबली. तेवढ्यात आगीपुढे मयुरी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, संपलं. मी जळलो तर सगळ्यात आधी हिचाच जीव थंड होईल.

"खाली ठेव त्याले."

"काऊन वं? तुहा भाऊ होय काय?" निकेश हसला.

"यानं कोणाचं काय बिघडवलं? नाव तं तुमी ठेवलं मले. यानं तोंडही नाई उघडलं."

तोंड माझं तेव्हाही उघडंच होतं, पण कुणी हसलं नाही.

"सरक, जाळू दे."

मयुरी सरकली नाही. गळा फोडून ओरडली, "मले स्केलेटल म्हनणं..."

"घेऊन जा गे मारबत!" सवयीनं सगळी पोरं गरजली. सगळ्यात मोठा आवाज निकेशचा. ओरडून झाल्यावर आपण कशाला हाकललं ते त्याला कळलं आणि त्यानं जीभ चावली. मग मला खाली ठेवलं, जरा हळूच.

मित्रांनो, नवी चप्पल आधी पायात घालून पाहता ना? तसा नवा शब्दही आधी स्वतःला लावून पाहा. चावला, तर दुसऱ्याला घालू नका.