खेळी दादाची

दादा उद्या इस्पितळातून घरी येणार, आणि संगणकाला नेमकी आजच अवदसा आठवली. ‘मेमरी अपुरी आहे, काही प्रोग्रॅम बंद करा’ अशी पाटी पडद्यावर सारखी उमटत होती. ती हटवून हटवून धाकटीचा जीव मेटाकुटीला आला. साठी उलटली तरी घरात ती धाकटीच होती.

संगणक म्हातारा होता हे खरं, पण मूळ दोष या बहीणभावाचा. बुद्धिबळाच्या डावात दादाची खेळी सकाळच्या चहाला, धाकटीची दिवेलागणीला. मधे फक्त पडदा बंद करायचा, संगणक कधीच नाही. न जाणो, डाव पुसला गेला तर! सेव्ह नावाचं बटण समोर असूनही दोघांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

अशात दादा जिन्यावरून पडला. शुद्धीवर येऊन त्याने धाकटीला विचारलं, “बाई, तुम्ही कोण?” पुढे माणसं ओळखू लागला, पण पाहुण्यासारखं बोलायचा. ओळखीच्या गोष्टी समोर ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. धाकटीने सगळी आशा त्या अर्ध्या डावावर ठेवली. खेळी दादाचीच होती.

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

“मावशी, बंद करून चालू करा.”

“तेवढं सोडून काहीही सांग.”

“मग बाकीचे प्रोग्रॅम बंद करा आणि लगेच डाव सेव्ह करा.”

तिने रेडिओ बंद केला, फोटो बंद केले, दादाने कधीतरी उघडलेली कसलीशी जाहिरातही बंद केली. मग देवाचं नाव घेऊन सेव्ह दाबलं. पाटी आली: ‘सेव्ह करण्यास मेमरी पुरेशी नाही.’ दुष्काळात तेरावा महिना! बाण जागच्या जागी थिजला आणि पडदा काळा झाला.

“संगणक होईल चालू,” दुरुस्तीवाला हळूच म्हणाला. “डाव मात्र गेला, मावशी.”

धाकटीने पदराने डोळे पुसले. मग उठून तिने माळ्यावरचा लाकडी पट काढला. एक प्यादं हरवलं होतं, तिथे सदऱ्याचं बटण ठेवलं. आठवून आठवून एकेक सोंगटी लावली. फक्त स्वतःचा उंट कुठे होता ते काही केल्या आठवेना. शेवटी अंदाजाने एका घरात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दादा आला. “बसू का इथे?” असं आपल्याच खुर्चीला हात लावून त्याने विचारलं. धाकटीने पट पुढे सरकवला.

“दादा, तुझी खेळी आहे.”

तो कितीतरी वेळ पाहत राहिला. चहावर साय धरली. मग त्याचा हात उठला, पण स्वतःच्या सोंगटीकडे गेलाच नाही. त्याने धाकटीचा उंट उचलला आणि तिरक्या रेषेत एक घर मागे ठेवला.

“हा इथे होता,” तो म्हणाला. “मी चार दिवस नाही तर लगेच हात मारलास? लहानपणापासून लबाड ती लबाडच!”

लबाड म्हटलं की धाकटी आयुष्यभर भांडत आली होती. आज तिने कान पकडले, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

“हो रे दादा, लबाडच मी. चल, खेळ आता.”