शाईस्ताची बॅग कापडाची आहे

माझी बायको शाईस्ता वारल्याचं डॉक्टरांनी मला सांगितलं, तेव्हा माझ्या हातात तिचा फोन होता आणि तो वाजत होता. मुंबईहून कस्टमचं काम बघणारा एजंट होता. बॅगेच्या बाहेरच्या बाजूला नेमकं काय आहे, कापड की प्लास्टिक, एवढंच त्याला मॅडमकडून हवं होतं. ती वारली म्हणालो. तो म्हणाला, मग तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही सांगा.

फोन आपटला नाही, कारण तो तिचा होता.

आमच्या परळीतल्या महिला गटाच्या वनमालाताईंनी शाईस्ताच्या हातची एक बॅग दुबईच्या प्रदर्शनाला पाठवली होती. तिथं नुसती मांडायची आणि परत आणायची. वाकळ शिवतात तसा दाट धावदोरा घालून तिनं ती शिवली. वाकळीत घरच्यांचेच जुने कपडे घालायचे, विकतचं कापड नाही, ही तिच्या आईची रीत. म्हणून तिनं स्वतःच्या निकाहची लाल ओढणी कापली. मी चिडलो, तर हसली.

"आता काय दुसरा निकाह लावायचाय का? परत येणारच हाय की ती."

वनमालाताईंनी कागदावर लिहिलं, कापडाची हँडबॅग. ते खरंच होतं. पण बांधाबांध व्हायच्या आधी शाईस्तानं बॅगेवर पारदर्शक प्लास्टिक शिवून टाकलं. आमच्या गल्लीत वीज केंद्रातल्या कोळशाची राख उडत येते. टीव्ही, गादी, स्कूटरची सीट, सगळ्यावर प्लास्टिक असतं. चांगली वस्तू उघडी ठेवायची नसते, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. दुबईत राख नाही, हे तिच्या डोक्यात आलं नाही. प्लास्टिक लावलं हे वनमालाताईंना सांगावं, असंही तिला वाटलं नाही.

परत येताना बॅग कस्टमनं अडवली. अधिकाऱ्याचं म्हणणं असं, की बाहेरून डोळ्याला प्लास्टिक दिसतं, म्हणून ही प्लास्टिकच्या वर्गात जाते. कागदाप्रमाणे गेली ती कापडाची होती. म्हणजे गेली ती ही नव्हेच. ही दुसरीच कुठलीतरी, आयात झालेली.

चाळिसाव्याचा फातेहा झाल्यावर मी मुंबईला गेलो. एजंटनं सांगितलं, ही बाहेरून आणलेली प्लास्टिकची बॅग आहे असं लिहून द्या, शुल्क भरा आणि आजच घेऊन जा. पैशाचा प्रश्न नव्हता. लिहून द्यायचं नसेल, तो म्हणाला, तर तीच बॅग आहे म्हणून भांडा. पण मग बॅगेचा तुकडा कापून तपासणीला जाईल, आणि त्यालाही तुमची सही लागेल. दोन्ही कागद त्यानं माझ्या हातात दिले.

अधिकाऱ्यानं बॅग टेबलावर ठेवली. प्लास्टिकखाली लाल ओढणी जशीच्या तशी दिसत होती. मी म्हणालो, प्लास्टिक इथंच तुमच्यासमोर उसवतो. ताब्यातल्या मालात काही बदल करता येत नाही, असं उत्तर मिळालं.

"मग तुमाला कापता कसं येतंय?"

"तो नमुना असतो."

"पावसात तुमी रेनकोट घालता, साहेब. तवा तुमी प्लास्टिकचे होता का?"

मागं रांगेत कुणीतरी हसलं. मी हसवायला बोललो नव्हतो. अधिकाऱ्यानं बॅग उचलून आत नेली. मला हातसुद्धा लावू दिला नाही.

घरी आल्यावर आमची मुलगी हीना म्हणाली, "द्या लिहून, अब्बा. कागद कोण बघतंय? अम्मीची बॅग घरी तर येईल."

"तुझ्या अम्मीनं शिवली न्हाई, असं माझ्या हातानं लिहू का?"

"मग कापू द्या."

एवढं म्हणाली आणि उठून आत गेली. तिच्याही लग्नाची ओढणी तिच्या आईनंच निवडली होती.

एजंट अजून फोन करतो. आता माझ्या फोनवर करतो. काय ठरलं विचारतो, जसा काही मी बाजारात भाव पाडून मागतोय. त्याला मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

बॅग मुंबईच्या गोदामात आहे. दोन्ही कागद माझ्या घरात आहेत. त्यातल्या एकावरही मी सही केलेली नाही.