सुटलेली पकड

सरांच्या ज्युदो क्लासात पहिल्या दिवशी कुणाला पाडायला शिकवत नसत. आधी शिकवत हार मानायला. पकड सोसेनाशी झाली की समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं, त्याला टॅप म्हणायचं, आणि टॅप झाला की पकड तिथल्या तिथं सोडायची. "टॅपपुढे कुणाची मिजास चालत नाही. माझीसुद्धा नाही," असं सर दरवर्षी नव्या पोरांना बजावत. उभं आयुष्य मॅटवर गेलं, गुडघ्यांचा खुळखुळा झाला, पण या नियमाला त्यांनी कधी फाटा दिला नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र त्यांचे हात कोपरापासून खाली बधिर झाले होते. मानेतली नस दबलीय, क्लास बंद करा, असं डॉक्टर म्हणाले. सरांनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. बायको गेल्यापासून त्यांना तसंही फारसं काही जाणवत नव्हतं. जेवण, झोप, सकाळ, सगळं सारखंच. क्लासही गेला, तर मग उठायचं तरी कशाला? म्हणून हाताचं त्यांनी लेकीलाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

लेक त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. मुलं तिला ताई म्हणत. त्या दिवशी गळ्याची पकड दाखवायला सरांनी तिलाच बोलावलं. मागून तिच्या गळ्याभोवती हात आवळला आणि मुलांकडे बघत समजावू लागले, कोपर कुठे, मनगट कुठे. बोलण्याच्या ओघात ताई एकदम जड झाली.

"सर, ताईंनी टॅप केला!" एक मुलगी किंचाळली. "कितीदा केला!"

सरांनी हात सोडला. ताई खाली कोसळली. त्यांनी तिचे पाय वर धरले, हाका मारल्या. तिनं डोळे उघडले, तोवर मुलांची बोबडी वळली होती. सरांना काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

घरी ती त्यांच्या मागे उभी राहिली. "बाबा, डोळे मिटा. हातावर थोपटतेय. कळतंय?"

"कळतंय की. मी काय म्हातारा झालो?"

"मी हात लावलेलाच नाही, बाबा."

सरांनी डोळे उघडले. ती ओरडली नाही की रडली नाही. "कधीपासून?" एवढंच विचारलं.

"तुझी आई होती तेव्हापासून."

दुसऱ्या दिवशी ताई शिकवायला उभी राहिली. पकड दाखवायला कुणीतरी हवं होतं. कालच्या प्रकारानंतर कुणी पुढे येईना. सर उठले आणि तिच्याकडे पाठ करून मॅटवर बसले.

"बाबा, नक्की?"

"क्लासात सर म्हण. आणि आवळ."

तिनं पकड आवळली. कानात भणभणू लागलं. सरांनी हात उचलून तिच्या दंडावर टेकवला. लागला की नाही, त्यांना कळेना. दुसऱ्यांदा उचलायच्या आत पकड सुटलेली होती.

"ताई, दोनदा ना?" कालचीच मुलगी म्हणाली.

"हो, तुम्ही दोनदाच करायचं," ताई म्हणाली.

"उद्यापासून क्लास हीच घेईल," सर मुलांना म्हणाले. मग त्यांनी खाली पाहिलं. लेकीनं त्यांचा हात घट्ट धरला होता. तिचा स्पर्श जाणवत नव्हता, म्हणून ते धरलेल्या हाताकडे बघत बसले.